कॅमेरा बंद, पंकजा हजर

रंगनाथ भापकर सरांनी गप्प बसायचं ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

सर नववीला भूगोल शिकवत, आणि शाळेत माणसं कमी असल्यामुळे उरलेलंही बरंच काही शिकवत. बोलणं हा त्यांचा धंदा होता आणि छंदही. 'मुद्दा लक्षात घ्या' हे पालुपद त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की नगरच्या सावेडीत भाजीवाल्याला मेथीची जुडी परत करतानाही ते आधी 'मुद्दा लक्षात घ्या' म्हणत, आणि तो बिचारा तराजू खाली ठेवून मुद्दा लक्षात घेई. अशा माणसाला दिवाळीच्या आधी एका प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. तिथे पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं, की यापुढे मुलांनी गट करून, व्हिडीओ मीटिंग लावून, आपलं काम आपण करायचं. शिक्षकाने मध्ये तोंड घालायचं नाही. बाकीचे शिक्षक चहा कधी येतो ते बघत होते. भापकर सरांना मात्र हे पटलं. फारच पटलं. त्याला कारण होतं.

शाळा पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. सर सावेडीहून अप-डाऊन करत. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तिकडे मुकादमांचे ट्रक येतात. भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं वर चढतात, आणि अख्खी वाडी ऊसतोडीला निघून जाते. घरांना कुलपं लागतात. वर्ग असा ओस पडतो, की पुढचे चार महिने सर बाकांना भूगोल शिकवत असतात आणि बाकांना त्याचं काही सोयरसुतक नसतं.

त्या वर्षी ट्रकवर पंकजाही चढली. पंकजा ही वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी. सरांच्या वाक्याचा शेवट तिला सरांच्या आधी माहीत असायचा, आणि तो ती सांगूनही टाकायची. यावरून सर तिच्यावर कितीदा चिडले होते. पण ती नसली की वर्ग पुढे सरकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. तिची आई बायडाबाई ट्रकच्या फाळक्याला धरून उभी होती.

"सर," ती म्हणाली, "पोरगी हुशार हाय म्हंता. पन हजेरी तुटली का नाव जातं. आन नववीत नाव गेल्याली पोरगी परत साळंत येत न्हाई. आमच्या भावकीत तर एक बी आली न्हाई."

"पंकजाचं नाव जाणार नाही," सर म्हणाले. "मुद्दा लक्षात घ्या बायडाबाई, आता मोबाईल आहे."

ट्रक गेला. सर धुरळ्यात उभे राहिले, आणि आपण एका बाईला शब्द देऊन बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

हेडसर सहादेवराव मवाळ माणूस. त्यांना दोनच गोष्टींची भीती वाटे: वरून येणारा फोन आणि वरून येणारं माणूस. बरंच घोळवून त्यांनी मान्य केलं, की जे पोर मीटिंगला बसेल त्याची हजेरी लावायची. "पण भापकर, उद्या कोणी विचारलं तर मला काही माहीत नव्हतं हं," असं म्हणून त्यांनी आपला पाठिंबा जाहीर केला.

गट चौघांचा ठरला. काम होतं आपल्या वाडीचा नकाशा काढायचं, आणि तोही आठवणीतून, कारण चौघांतले तिघं वाडीत नव्हतेच. निकिता शिर्डीला, वडिलांच्या फुलांच्या दुकानात. वाल्मिक नागापूरला एमआयडीसीत, थोरल्या भावाच्या खोलीवर. पंकजा तिकडे गोदावरीच्या पट्ट्यात, उसाच्या फडात. वाडीत एकटा ओम, त्याची आजी साळूबाई आणि शेळ्या. ओमचे आईवडीलही तोडीलाच गेलेले.

पहिल्या मीटिंगला सर फक्त सुरुवात करून द्यायला म्हणून बसले. निकिताच्या मागे झेंडूचे ढीग होते, आणि दर दोन वाक्यांनंतर कोणीतरी भाविक वाकून "ताई, हार कसा दिला?" म्हणून विचारत होता. वाल्मिकच्या शेजारच्या शेडमध्ये प्रेस मशीन चालू होतं. तो बोलायचा आणि दण्ण असा आवाज येऊन त्याच्या वाक्याचं क्रियापद गायब व्हायचं. पंकजा भरलेल्या ट्रॉलीच्या वर चढून बसली होती, कारण खाली रेंज नव्हती. केसांत पाचट, तोंडावर ऊन, आणि बोलणं मात्र तिचंच सगळ्यांपेक्षा जास्त.

"मारुतीच्या पाराचं निकिता काढंल. ओढा आन विहीर वाल्मिकनं काढायची. साळंच्या बाजूचं ओम्या बघंल. आन माझ्या घरापासून साळंपोतूरचा रस्ता मी काढनार," तिने कामाची वाटणी करूनही टाकली. "सर, आता तुमी जावा."

"कुठे?"

"मीटिंगच्या भाईर. तुमीच म्हनला व्हता, गटाचं काम गटानं करायचं."

सरांनी लाल बटण दाबलं. आपणच शिकवलेली गोष्ट पोराने आपल्यालाच ऐकवली की शिक्षकाला अभिमान वाटायला हवा. सरांना तो वाटायला जेवणाची वेळ झाली.

शेजारी अंगदराव राहत. नागापूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागातून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सगळी सोसायटी तपासायला मोकळे झालेले. सरांच्या घरचा वायफायचा डबा कपाटावर ठेवल्यावर रेंज वाढते की देवघरापाशी, यावर त्यांनी आठवडाभर प्रयोग करून शेवटी तो फ्रीजवर ठेवायला लावला होता. तिथे रेंज वाढली नाही, पण फ्रीज उघडताना तो डोक्यात पडू लागला.

"बाहेर पडलात?" अंगदराव म्हणाले. "सर, तपासणीशिवाय माल बाहेर सोडायचा नसतो. पोरं तिथे नकाशा काढतात का रील बघतात, तुम्हाला काय कळणार? तुम्ही आत बसा. दिसू नका, बोलू नका, फक्त बसा."

"पण ते नियमात—"

"नियम शिक्षकासाठी आहे. तुम्ही शिक्षक म्हणून नका बसू."

हा सल्ला ऐकून सरांनी नको म्हणायला हवं होतं. पण बाहेर बसून त्यांचा जीव कासावीस झाला होता. त्यांच्या पत्नी रेश्माताई घरी काळा मसाला करून विकत. त्यांच्या मोबाईलवर त्यांचं खातं होतं 'रेश्मा मसाले, सावेडी'. पुढच्या मीटिंगला सर त्या नावाने आत शिरले, कॅमेरा बंद करून, माइक बंद करून, तोंडावर हात ठेवून. माइक बंद असताना तोंडावर हात कशासाठी, असं रेश्माताईंनी विचारलं. सवयीचा भरवसा नाही, असं सर खुणेने म्हणाले.

"ही मसालेवाली कोन गं?" वाल्मिक म्हणाला.

"जाहिरात असंल," निकिता म्हणाली. "बोलू नगा तिच्याशी. आपोआप जाती."

जाहिरात गेली नाही. जाहिरातीने तासभर बसून वाल्मिकने केलेली भापकर सरांची नक्कल पाहिली. चष्मा नाकावर ओढणं, खडू फुंकणं, आणि 'मुद्दा लक्षात घ्या' म्हणताना डावा पाय उचलणं. आपण डावा पाय उचलतो हे सरांना आयुष्यात प्रथमच कळलं. हसून हसून पंकजा ट्रॉलीवरून पडायला आली. सर लाल झाले, पण मसाल्याला बोलता येईना.

चार-पाच वेळा हे असं चाललं. मग एके दिवशी माइकचं बटण चुकून दाबलं गेलं, आणि त्याच मुहूर्तावर कुकरची शिट्टी होऊन रेश्माताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो भापकर सर, झालं का गुपचूप ऐकून? मटकी निवडायची आहे!"

सरांनी घाईघाईने माइक बंद केला. मग ओम हळूच म्हणाला, "आपन नकाशा काढूया." त्याच्या आवाजात एकदम पाठ्यपुस्तक आलं होतं. "होय, ओढ्याची दिशा पूर्व-पश्चिम आहे," वाल्मिक म्हणाला. "अगदी बरोबर," निकिता म्हणाली.

सरांना वाटलं, ती हाक कोणी ऐकली नाही. त्यानंतर मीटिंगमध्ये जी काही शुद्ध मराठी सुरू झाली, ती ऐकून त्यांना भरून येई. स्वतंत्र गटकार्याने भाषासुद्धा सुधारते, असं त्यांनी हेडसरांना सांगितलं. खरं काम पोरं दुसऱ्या वेळी, दुसऱ्या लिंकवर, नेहमीच्या बोलीत करत आहेत, हे सोडून त्यांना सगळं कळत होतं.

याच सुमारास पंकजाचा कॅमेरा बंद झाला, आणि माइकही. पण नाव असे. रोज असे. सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या नंतर जाई. काळ्या चौकोनात 'पंकजा' एवढी अक्षरं. मध्ये बोलणं नाही, दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट हिसकावणं नाही. नेट पुरत नसेल म्हणून कॅमेरा बंद ठेवत असेल, असं सरांनी स्वतःला सांगितलं. आणि बोलत नाही त्या अर्थी मुलीला शिस्त लागली, असंही सांगितलं. रेश्माताई एकदा म्हणाल्या, "ती एवढी गप्प कशी हो? बरी आहे ना?" सर म्हणाले, "प्रगती आहे ती." हे वाक्य पुढे त्यांना कितीतरी दिवस छळणार होतं.

उपक्रमाची कीर्ती हळूहळू वर पोचली, आणि वरून फोटो मागवले गेले. हेडसर घाबरले. फोटोत बॅनर हवा, असं त्यांचं मत पडलं. "बॅनर नसेल तर उपक्रम झाला असं धरत नाहीत, भापकर." पण पोरं चार ठिकाणी, म्हणून बॅनरही चार झाले. एसटीच्या पार्सलने एक शिर्डीला गेला. निकिताच्या वडिलांनी तो दुकानावर लावला, तर 'स्वतंत्र उपक्रम' वाचून इथे काहीतरी फुकट मिळतं अशा समजुतीने लोकांची रांग लागली, आणि तो संध्याकाळच्या आत उतरवावा लागला. वाल्मिकचा बॅनर भावाने मशीनवर झाकायला घेतला. ओमचा शेळीने एका कोपऱ्यातून खाल्ला. त्यात नेमकं हेडसरांचं नाव होतं. पंकजाच्या बॅनरचं काय झालं ते कळलं नाही. चॅटमध्ये तिने फक्त अंगठा पाठवला.

मग फोन आला, की विस्तार अधिकारी मॅडम प्रत्यक्ष पाहायला येणार.

त्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला. अंगदरावांनी जाताना गेटवर अडवून, "पाहुण्यांपुढे माल चालवून दाखवायचा, नुसता सांगायचा नाही," असा शेवटचा सल्ला दिला. हेडसरांच्या खोलीत मोठा टीव्ही लावला होता. मॅडम शांत, चष्मा लावलेल्या, ऐकून घेणाऱ्या होत्या. पडद्यावर चार चौकोन उघडले. निकिताने पार दाखवला, वाल्मिकने प्रेसच्या दोन ठोक्यांमध्ये विहीर बसवली, ओमने शाळा दाखवली. मॅडमनी मान डोलावली. सरांची छाती नव्या शर्टाच्या बटणांपर्यंत आली.

"आणि ही?" मॅडमनी काळ्या चौकोनाकडे बोट केलं.

इथे सर गप्प बसले असते तर ही गोष्टच झाली नसती. ओम घाईघाईने म्हणालासुद्धा, "मॅडम, तिला रेंज न्हाई." पण आयुष्यभराची सवय त्या क्षणी सरांच्या मदतीला धावून आली.

"रेंज नाही तर मीटिंगमध्ये कशी?" ते हसून म्हणाले. "मुद्दा लक्षात घ्या मॅडम, ही आमची सगळ्यात नियमित विद्यार्थिनी. एकही मीटिंग चुकलेली नाही. लाजते जरा. पंकजा, बाळ, कॅमेरा चालू कर."

काळा चौकोन तसाच राहिला.

"पंकजा, मॅडम आल्यात. घाबरायचं नाही. कर चालू."

"सर, ऱ्हाऊ द्या ना," निकिता म्हणाली. तिच्या हातातला झेंडू तसाच राहिला होता.

"पंकजा! मी सांगतोय ना!"

चौकोन हलला. आधी पत्रा दिसला, मग सुपातली तूर, मग अगदी जवळ आलेलं एक नाक. नाक मागे गेलं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली साळूबाई दिसली. ओमने दाबायची नाहीत म्हणून बजावलेली सगळी बटणं तिने एकापाठोपाठ एक दाबली होती.

"वरडू नगा सर," ती म्हणाली. "पोरगी न्हाई हितं. म्या बसलेय तिच्या जाग्यावं."

मॅडम खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे वळल्या.

"बायडाची कंबर धरली बगा," साळूबाई तूर निवडता निवडता सांगू लागली. "उठाया येत न्हाई तिला. नवरा-बायकू मिळून एक कोयता. बाई पडली का कोयता अर्धा, आन अर्ध्या कोयत्याला मुकादम ठिवीत न्हाई. मंग पोरगी हुबी ऱ्हायली आईच्या जागी. आता ती दोन ठिकानी कशी हुबी ऱ्हानार? मंग पोरांनी जुन्या मोबाईलवं तिचं नाव घातलं आन म्हनली, आजी, तू हितं बस. बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं. म्या म्हनलं बसते. माझं काय जातंय? मला बी इरंगुळा. लई शिकले म्या. ओढा पूर्व-पश्चिम हाय."

"आजी, गप," ओम रडकुंडीला आला होता.

"गप काय? सर बी बसत्यातच की मसाल्याचं नाव लावून. त्यांला कुनी काय म्हनलं का?"

मॅडमनी चष्मा काढून सरांकडे पाहिलं. मग हेडसरांकडे पाहिलं. हेडसर म्हणाले, "मला काही माहीत नव्हतं." ते वाक्य त्यांनी दिवाळीपासून तयार ठेवलं होतं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या ओरडल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "सर, आजी बसल्या म्हणून मुलीची हजेरी धरता येणार नाही. मला दिसलंच नसतं तर गोष्ट वेगळी. आता दिसलंय." पंकजाची लावलेली हजेरी रद्द झाली. तिचं नाव शाळाबाह्य मुलांत गेलं. उपक्रम थांबला. सरांनी अर्ज केला, विनंती केली, पाथर्डीला दोनदा आणि नगरच्या मोठ्या ऑफिसात एकदा जाऊन बाकावर बसून आले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: जूनमध्ये बघू. जूनमध्ये बघू म्हणजे काय, हे बायडाबाईने ट्रकवरून आधीच सांगितलं होतं.

आधी सर पोरांवर चिडले. आपल्याला फसवलं, आपली थट्टा केली, नक्कल केली. नकलेचा मुद्दा या प्रकरणात खरं म्हणजे येत नव्हता, पण तो त्यांनी घेतला. अंगदराव म्हणाले, "शेवटच्या तपासणीत माल उडाला. होतं असं. मनाला लावून घ्यायचं नाही." रेश्माताई मिरच्या भाजत होत्या. त्यांनी कढई खाली उतरवली. मग म्हणाल्या, "पोरांनी तिची जागा धरून ठेवली होती. एवढंच केलं त्यांनी." सरांनी जेवणाचं ताट तसंच सरकवलं. त्यांना आता आठवत होतं की पोरांनी किती वेळा सांगायचा प्रयत्न केला. रेंज नाही, म्हणाला ओम. राहू द्या, म्हणाली निकिता. सगळ्यांना मागे सारून आपणच ओरडलो. गप्प बसायचं एवढंच काम होतं आपलं, आणि तेवढंही आपल्याच्याने झालं नाही.

रविवारी सकाळी ते स्कूटरवर बसून नेवाशाकडे, पंकजाच्या फडावर निघाले. बायडाबाईला सांगायला हवं होतं. कसं सांगायचं याची त्यांनी वाटेत चार वाक्यं तयार केली आणि चारही 'मुद्दा लक्षात घ्या'ने सुरू झाली. रेश्माताईंनी डब्यात मसाला आणि कमरेला लावायचं तेल दिलं होतं.

साखर कारखान्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या होत्या. एका कोपीच्या छपरावर पावसाळी कागदाच्या जागी 'स्वतंत्र गटकार्य उपक्रम' असा बॅनर पसरला होता. तोच सगळ्यांत नीट कामाला आला होता. आत बायडाबाई पाचटाच्या गादीवर आडवी. सरांना बघून तिने उठायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही.

"सर, तुमी एवढ्या लांब आले?" तिने पदर सावरला. "नाव हाय ना पोरीचं?"

चारही वाक्यं सरांना पाठ होती.

"आहे," ते म्हणाले. "कमरेला तेल आणलंय."

पंकजाचे वडील गोरक्षनाथ फडात ऊस तोडत होते. मागून पंकजा मोळ्या बांधून ट्रॉलीपाशी आणून टाकत होती. डोक्याला फडकं, वडिलांचा जुना शर्ट, हाताला पात्यांचे चरे. सरांना पाहून ती आधी लाजली आणि मग हसली.

"सर! गटाचं काय चाललंय?"

सरांनी खिशातून मोबाईल काढला, स्वतःचा, स्वतःच्या नावाचा, आणि पोरांना फोन लावला. रविवारी सकाळी भापकर सरांचा फोन म्हणजे पोरांना घाबरायला पुरेसं कारण होतं. पण तिघंही आले. सरांनी मोबाईल पंकजाच्या हातात दिला. ती सवयीने ट्रॉलीवर चढली, मोळ्यांच्या अगदी वर, जिथे रेंज होती.

"ए, माझा रस्ता ऱ्हायलाय ना रे?" ती म्हणाली. "मला आठवंनाच सगळं. ओम्या, माझ्या घराफुडं बाभळ आधी येती का हातपंप?"

"थांब," ओम म्हणाला, आणि पळत सुटला. पडद्यावर जमीन हलू लागली, कुंपण, दगड, एक कोंबडी, ओमचा धापा टाकणारा आवाज. मग सगळं थांबलं. पंकजाच्या घराचं दार दिसलं. दाराला कुलूप, कुलपावर धूळ, उंबऱ्यापाशी वाळलेला पाला साचलेला. बाभळ आधी होती, हातपंप नंतर.

पंकजा बघत राहिली. वाल्मिकच्या मागचं मशीनही त्या वेळी बंद होतं.

"कुलूप बी काढू का रं नकाशात?" तिने विचारलं.

"काढ," ओम म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर साळूबाई घुसली. नातवाच्या मागे तीही चालत आली होती. तिने मोबाईल नाकापाशी धरला. "कोन बोलतंय?"

"आजी, मी पंकजा."

"ह्यो! पंकजा तर म्या हाय."

सगळे हसले. ट्रॉलीखाली उभे असलेले सरही हसले आणि त्यांना लगेच तोंड फिरवावं लागलं, कारण पंकजा पुढे म्हणाली, "आजी, अजून बसती ना माझ्या जागी? तू बसती म्हनून माझं नाव हाय."

नाव गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ओमने नाही, निकिताने नाही, वाल्मिकने नाही. तिघंही पडद्यावरून सरांकडे बघू लागले. खरं म्हणजे त्यांना सर दिसत नव्हते, फक्त पंकजा आणि मागचं आभाळ दिसत होतं. पण सरांना तसं वाटलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"बसते की," साळूबाई म्हणाली. "रोज बसते."

"मंग गप नको बसू गं. कायतरी बोलत जा. मी काय एवढी गप न्हवते. सरांना वळखू यायचं."

"पंकेऽ" वडिलांनी फडातून हाक मारली. ट्रॉली भरायची होती. ती मोबाईल सरांना देऊन, मोळीला धरून सरसर खाली उतरली. सरांना नमस्कार करायचा राहिला म्हणून परत आली, वाकली आणि गेली. उसात तिचा शर्ट थोडा वेळ दिसला.

सर परत आले. कोणाला काही बोलले नाहीत. पण पुढच्या मीटिंगच्या दिवशी, ठरल्या वेळी, ते मोबाईल घेऊन बसले. ही मीटिंग आता कुठेच धरली जाणार नव्हती. तिला बॅनर नव्हता, फोटो नव्हता, हजेरी नव्हती. सर स्वतःच्या नावाने आत गेले आणि त्यांनी कॅमेरा चालू केला. चार चौकोन होते. चौथ्यावर 'पंकजा' लिहिलेलं, आणि त्यात सुपासकट साळूबाई, कॅमेऱ्यात नीट बसलेली, केस विंचरून.

सरांनी हजेरी घेतली.

"निकिता."

"हजर, सर." मागून कोणीतरी हाराचा भाव विचारत होतं.

"वाल्मिक."

दण्ण. मग "हजर."

"ओम."

"हजर."

सर थांबले. चष्मा नाकावर ओढला. आपला डावा पाय उचलला गेलाय हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

"पंकजा."

"हजर हाय," साळूबाई मोठ्याने म्हणाली. "आन सर, तुमच्या त्या ओढ्याचं चुकलंय. तो मारुतीच्या मागनं वळतो. पंकजा म्हनली कायतरी बोलत जा, म्हनून बोलले."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "वळतो."

मग ओम जपून म्हणाला, "सर, आता तुमी जावा. गटाचं काम हाय."

सरांनी लाल बटण दाबलं. स्वयंपाकघरातून रेश्माताईंनी विचारलं, "संपली का हो मीटिंग?"

"चालू आहे. मला बाहेर काढलं."

"सगळी आली होती का पोरं?"

"सगळी," सर म्हणाले, आणि मटकी निवडायला बसले.